मीटरची रोजकीर्द

लेखापरीक्षणाच्या कामात एक सवय अंगात मुरते. समोर बेरीज आली की हात आपोआप नोंदींकडे जातो. 'खर्च झाला, एवढा झाला' असं सांगून कुणी गप्प बसलं तर मी फाइल परत पाठवते. विजेच्या बिलाला मात्र आपण सगळेच सूट देतो. महिन्याला एक आकडा येतो. समजा, ३१२ युनिट. मग घरात तर्क लढवले जातात: लेकीचा कॉम्प्युटर, सासूबाईंचा गीझर, नवऱ्याच्या उशिरापर्यंत चालणाऱ्या मॅचेस. ज्याचा आवाज मोठा त्याचा तर्क खरा.

यात मीटरचा दोष नव्हता. ओट्टो ब्लाथी या हंगेरियन अभियंत्याने १८८९ मध्ये ज्या फिरत्या चकतीच्या मीटरचं पेटंट घेतलं, त्याच जातीची यंत्रं पुढे शंभरेक वर्षं घरोघरी टांगलेली होती. चकती फिरायची, आकडे पुढे सरकायचे. आज किती, काल किती, रात्री किती, हे तिला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. आताच्या स्मार्ट मीटरला ते ठाऊक असतं. दर अर्ध्या किंवा पाव तासाला किती युनिट गेले याची नोंद तो करतो. अर्ध्या तासाचा हिशेब धरला तर दिवसाला ४८ नोंदी, वर्षाला १७,५२०. बिल ही खतावणीतली शेवटची बेरीज असेल, तर ही रोजकीर्द आहे, म्हणजे जेव्हाची तेव्हा लिहिलेली मूळ नोंद. माझं म्हणणं एवढंच, की ही रोजकीर्द ज्याच्या घरची आहे त्याच्या हातात ती कच्ची, जशीच्या तशी पडली पाहिजे. ॲपमधले रंगीत स्तंभ म्हणजे रोजकीर्द नव्हे. ते कुणीतरी आपल्यासाठी आधीच काढलेलं सार असतं, आणि सारावर सही करायची नाही हे मला नोकरीत शिकवलेलं आहे.

आमच्या मीटरची फाइल मी पहिल्यांदा एक्सेलमध्ये उघडली तेव्हा दिवसाकडे पाहिलंच नाही. दिवसा माणसं असतात, उपकरणं चालू-बंद होतात, तिथे गोंधळ असणारच. मी पाहिली ती रात्रीची दोन ते चार ही वेळ. सगळे झोपलेले, दिवे बंद, तरीही दर अर्ध्या तासाला ०.०७ युनिट. एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर, तेव्हा हे झाले सरासरी १४० वॅट. ऐकायला काहीच नाही. पण घर कधीही यापेक्षा खाली जात नसेल, तर दिवसाला ३.३६ आणि महिन्याला जवळपास १०० युनिट याच वाटेने जातात. ३१२ मधले १००! कुणी काहीही करत नसताना.

लक्षात ठेवायला सोपा हिशेब सांगते. सतत चालू असलेला एक वॅट वर्षाला ८.७६ युनिट खातो, कारण वर्षाचे तास ८,७६०. माझ्या मते वीज वाचवण्याच्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या बहुतेक सल्ल्यांपेक्षा या एका गुणाकारात जास्त दम आहे. दिवा दहा मिनिटं जास्त जळला म्हणून लेकीला ओरडणाऱ्या घरात कुठलासा ॲम्प्लिफायर वर्षभर २० वॅट पीत बसलेला असतो, आणि त्याला कुणी काही बोलत नाही.

हे १४० वॅट कुठे जातात हे फाइल सांगत नाही. ते मीटरपाशी उभं राहूनच कळतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेलं असतं: ३२०० इम्पल्स प्रति युनिट (म्हणजे एका युनिटला तेवढ्या लुकलुकी), किंवा १०००, किंवा आणखी काही. ३२०० असेल तर दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी ११२५ ला भागायचं, आलेलं उत्तर म्हणजे त्या क्षणाचे वॅट. १००० असेल तर ३६०० ला भागायचं. यासाठी मीटर स्मार्ट असण्याचीही गरज नाही, दिवा असला की पुरे. मी आधी फ्रिज बंद केला, कारण त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला की मोजणी बिघडते. उरलं घर साडेबारा सेकंदांना एकदा लुकलुकत होतं, म्हणजे ९० वॅट. मग नवरा आतून एकेक एमसीबी पाडत गेला आणि मी बाहेर मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजत राहिले. "आता?" "अजून तेच." "आता?" "थांब, वीस झाले... बावीस..." शेजारच्यांना आम्ही काय करतोय असं वाटलं असेल कोण जाणे.

सापडलं ते असं: सेट-टॉप बॉक्स, जो रिमोटने बंद केला तरी आतून जागाच असतो, वर म्हटलेला ॲम्प्लिफायर, लेकीच्या टेबलाखालची एक्स्टेन्शन, जिच्यावर प्रिंटर, स्पीकर आणि तीन चार्जर. यातलं जे भिंतीवरच्या बटणाने बंद करता येण्यासारखं होतं ते केलं. दिवा २८ सेकंदांवर गेला. ९० चे ४० झाले. फरक ५० वॅटचा, वर्षाला ४३८ युनिट. आमचा एका महिन्याचा वापर ३१२ आहे हे पुन्हा एकदा पाहा.

गीझरची गोष्ट वेगळी, कारण तो रात्रीच्या किमान आकड्यात दिसत नाही. तो उंचवट्यांत दिसतो. रात्रभर ०.०७, ०.०७, ०.०७ आणि मध्येच एकदम ०.२७, मग पुन्हा ०.०७. साधारण पाच तासांनी पुन्हा तेच. दोन हजार वॅटचा गीझर सहा मिनिटं चालला की ०.२ युनिट होतात, आणि नेमका तेवढाच उंचवटा होता. टाकीतलं पाणी हळूहळू गार होतं, थर्मोस्टॅट जागा होतो, पाणी पुन्हा तापतं, आणि ते वापरायला कुणीच उठलेलं नसतं. सासूबाईंना मी तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि म्हणाल्या, "अगं, पण पहाटे नळ उघडला की मला गरम पाणी हवं." मी म्हटलं, "आई, मिळेलच. चारला सुरू होईल, सातला बंद." टायमर लावला. त्यावर त्यांचं शेवटचं वाक्य असं, की गीझरचा दोष दिवसाला एक युनिट आणि तुमच्या त्या डब्यांचा त्याहून जास्त, हेही लिहून ठेव. ठेवलं आहे. हिशेब त्यांचाच बरोबर आहे.

अशा आकारांवरून उपकरण ओळखण्याचं एक शास्त्रच आहे. एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात त्याचा पाया घातला आणि १९९२ मध्ये त्यावरचा त्यांचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. घराच्या एकूण वापरात एकदम किती वॅटची पायरी चढली आणि किती वॅटची उतरली, यावरून आत काय चालू-बंद झालं ते ओळखायचं, प्रत्येक उपकरणाला वेगळा मीटर न लावता. त्यासाठी सेकंदागणिक नोंदी असल्या तर उत्तम. अर्ध्या तासाच्या नोंदींत बऱ्याच पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात. पण मोठी आणि ठरावीक वेळी येणारी उपकरणं त्यातही सुटून दिसतात. माझ्या दिराच्या घरी टाकी भरायचा पंप पाण्याच्या पातळीवर आपोआप सुरू होतो. त्याच्या फाइलमध्ये पहाटे तीनच्या सुमारास रोज एक बारीक टेकडी होती. सगळे झोपलेले असताना टाकीतलं पाणी कशाने उतरतं? फ्लशची टाकी गळत होती. विजेच्या नोंदीने पाण्याची गळती पकडली, यावर तो अजून खूश आहे.

आता थोडं थंड पाणी ओतते, कारण यात उत्साही मंडळी फार आहेत. नुसता मीटर बसवल्याने वीज वाचत नाही. ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा वापर लगेच डोळ्यांसमोर दिसणाऱ्या घरांत ५ ते १५ टक्के बचत आढळली होती. पुढे ब्रिटनमध्ये २००७ ते २०१० दरम्यान हजारो घरांवर मोठी चाचणी झाली, तेव्हा स्मार्ट मीटर आणि सोबत घरातला डिस्प्ले मिळून विजेतली बचत साधारण ३ टक्क्यांच्या आसपास निघाली. मला हा दुसरा आकडा जास्त खरा वाटतो. डिस्प्लेकडे माणूस आठवडाभर पाहतो, मग त्याच्यावर टॉवेल वाळत घालतो. फायदा होतो तो एखादा ठरावीक प्रश्न घेऊन नोंदींकडे गेलं तर.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न बचतीचा नसतोच, बिल बरोबर आहे का हा असतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांना लागोपाठ काही महिने सरासरीचं बिल येत होतं आणि मग एकदम डोळे पांढरे करणारा आकडा आला. काकांचं म्हणणं, मीटर पळतो. मी म्हटलं, काका, आधी ताळा करू. ताळा सोपा असतो: महिनाअखेरचं रीडिंग वजा सुरुवातीचं रीडिंग, आणि तेवढ्या काळातल्या सगळ्या अर्ध्या तासांच्या नोंदींची बेरीज. दोन्ही जुळायला हवेत. काकांचे जुळले. मीटर पळत नव्हता. पण त्याच नोंदींतून दुसरंच बाहेर आलं. सरासरीच्या महिन्यांत त्यांचा खरा वापर बिलापेक्षा जास्त होता, आणि तो सगळा फरक शेवटच्या एका महिन्यात टाकला होता. जिथे दर टप्प्यांनी चढतात तिथे हे महागात पडतं. दर महिन्याला खालच्या टप्प्यात बसले असते असे युनिट एका महिन्यात साठले की वरच्या टप्प्यात जातात. काकांनी तारीखवार तक्ता जोडून अर्ज केला, 'ज्या महिन्यात जे वापरलं ते त्या महिन्याच्या टप्प्यात धरा.' फरक पुढच्या बिलात वळता झाला. नोंदी नसत्या तर काका 'मीटर पळतो' म्हणत राहिले असते, तिकडून 'मीटर ठीक आहे' हे उत्तर आलं असतं, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी खुशाल असत्या.

मीटरचीच शंका असेल तर घरच्या घरी एक ढोबळ परीक्षा होते. मेन स्विच बंद करायचा. दिवा लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर आपल्या मीटरमागून दुसरं कुणीतरी वीज घेत आहे किंवा जोडणीत गडबड आहे. मग बाकी सगळं बंद ठेवून एकच हीटर अर्धा तास चालवायचा. दोन हजार वॅटचा असेल तर एक युनिट पडायला हवं. इथे एक मेख आहे. हीटरवर छापलेले वॅट हे छापलेल्या व्होल्टेजलाच खरे. २३० व्होल्टचा २००० वॅटचा हीटर २१० व्होल्टवर सुमारे १६७० वॅटच घेतो, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात. तेव्हा ०.८३ युनिट पडलं म्हणून मीटर मंद आहे असा निकाल देऊ नये.

फाइल वाचतानाही दोन जागा सांभाळायच्या. '१०:००' ही नोंद दहाला सुरू होणाऱ्या अर्ध्या तासाची की दहाला संपणाऱ्या? प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं, आणि वेळेनुसार दर बदलत असतील तर याने निष्कर्षच उलटतो. दुसरं, नोंद प्रत्यक्ष मोजलेली आहे की मीटरचा संपर्क तुटल्यावर भरून काढलेली? ऑस्ट्रेलियात एनईएम१२ नावाचा फाइलचा नमुना ठरलेला आहे, त्यात प्रत्यक्ष नोंदीला एक अक्षर आणि बदली नोंदीला दुसरं अशी खूणच असते. असं कुठेही असायला हवं. लागोपाठ दहा अर्ध्या तासांत अगदी तोच आकडा दिसला तर मी तरी तो मोजलेला मानणार नाही.

वेळेनुसार दर असतील तिथे या नोंदींचा उपयोग उघडच आहे: गेल्या वर्षीचे सगळे अर्धे तास घ्या, साध्या आणि वेळेनुसारच्या अशा दोन्ही दरपत्रकांनी गुणा, कुठलं स्वस्त ते दिसेल. अंदाज नको, जाहिरात नको. मला त्याहून जास्त रस आहे तो कमाल मागणीत, म्हणजे घर एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढतं त्यात. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात जानेवारी २०२३ पासून वीजवाहिन्यांच्या वापरासाठी लागणाऱ्या शुल्काचा मोठा हिस्सा महिन्यातल्या सर्वांत जड पाव तासावर ठरतो, बारा महिन्यांची सरासरी काढून, आणि किमान अडीच किलोवॅट धरूनच. म्हणजे गीझर, इस्त्री आणि धुलाईयंत्र एकाच पाव तासात लावलं तर दंड, तेच एकामागून एक लावलं तर नाही, युनिट तेवढेच. स्पेनमध्ये ग्राहक किती किलोवॅटचा भार घेणार हे करारात ठरतं आणि त्यावर स्थिर आकार भरावा लागतो. वर्षभराच्या नोंदी पाहून आपला भार कधीच साडेतीनच्या वर गेला नाही असं दिसलं, तर पाचाचे पैसे का भरायचे? स्थिर आकार कुठेही असला तरी हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, आणि त्याचं उत्तर मीटरमध्येच पडलेलं असतं.

छतावर सौर पॅनेल लावायचं असेल तरी विक्रेत्याच्या आधी ही फाइल उघडावी. महिन्याला ३१२ युनिट वापरणाऱ्या दोन घरांत एक दिवसभर माणसांचं असतं आणि दुसरं संध्याकाळी सातला जागं होतं. दोघांना सारखंच पॅनेल सुचवणाऱ्याने फाइल पाहिलेली नाही.

हे सगळं मी आत्याला मोठ्या उमेदीने सांगत होते. आत्या एकटी राहते. माझ्या डोक्यात आलं, तिची फाइल मला दिसली तर रोज सकाळचा उंचवटा आला की नाही एवढंच पाहीन, नाही आला तर फोन करीन. ती शांतपणे म्हणाली, "मी कधी उठते, रात्री कितीदा दिवा लावते, हे तुला मीटरकडून कळणार? त्यापेक्षा तू फोनच कर की गं रोज." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिची शंका नवी नाही. हार्ट यांनी स्वतः १९८९ मध्येच इशारा लिहून ठेवला होता, की विजेच्या तारेवरून घरावर पाळत ठेवता येईल. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती याच कारणावरून अडवली आणि पुढे ग्राहकाला नकाराची मुभा द्यावी लागली. २०१२ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी दर दोन सेकंदांच्या नोंदींवरून टीव्हीवर कुठला चित्रपट चालू आहे हेही ओळखता येतं असं दाखवलं. अमेरिकेत नेपरविल शहराविरुद्धच्या खटल्यात अपील न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं, की दर पाव तासाची नोंद घेणं ही घटनेच्या अर्थाने घराची झडतीच आहे. त्या प्रकरणात मात्र ती वाजवी ठरली. मला यातून एवढंच दिसतं: नोंदी होणारच आहेत, तर त्या पहिल्यांदा माझ्याकडे याव्यात, आणि माझ्यानंतर कुणाकडे जातात हे मी ठरवावं. फ्रान्समध्ये लिंकी नावाचा स्मार्ट मीटर रोजची बेरीज पाठवतो, पण अर्ध्या तासाचा आलेख वितरण कंपनीकडे जाण्यासाठी सहसा ग्राहकाची संमती लागते. हे मला पटतं. अमेरिकेत २०१२ पासून 'ग्रीन बटन' नावाची सोय आहे: वीज कंपनीच्या संकेतस्थळावर बटण दाबायचं, ठरलेल्या नमुन्यात आपली फाइल उतरवून घ्यायची. फाइल एकदा हातात आली की ती कुणाला दाखवायची, कुणाला नाही, हे आपल्यावर.

राहता राहिलं व्होल्टेज. बहुतेक स्मार्ट मीटर तेही मोजतात आणि ग्राहकाला ते सहसा दाखवलं जात नाही. खरं तर जिवाशी संबंध आहे तो याच आकड्याचा. घराकडे येणारी न्यूट्रल तार, म्हणजे वीज परत जाण्याची वाट, झिजू लागली की भार वाढताच व्होल्टेज विचित्र हलू लागतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात वितरण कंपन्या मीटरच्या याच नोंदींवरून अशा तारा शोधून, कुणाला नळाला हात लावून झटका बसायच्या आत, त्या दुरुस्त करतात. आपल्या फ्रिजचं बोर्ड जळालं त्या रात्री व्होल्टेज किती होतं, हेही त्याच नोंदींत असतं.

आमच्या फ्रिजचं बोर्ड जळालं त्या रात्रीचा व्होल्टेजचा स्तंभ मी वीज कंपनीकडे लेखी मागितला. 'ही माहिती ग्राहकांना दिली जात नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं. कुठल्या नियमाखाली दिली जात नाही, एवढं विचारणारं दुसरं पत्र गेल्या आठवड्यात टाकलं आहे.